काळी भाजी

बेबीनंदा, माझी मोठी जाऊ,
खापर खाते हे मला आवाजानं कळलं.
रात्री, भांडी घासून झाल्यावर,
मोरीच्या अंधारात कुर्रकुर्र.
मी म्हटलं, उंदीर.
दिवा धरला तर तिचे दात मातकट लाल,
ओच्यात फुटक्या रांजणाचे तुकडे,
आणि पाहणं असं,
की पकडले गेले ती मीच.

"पानी शिपडलं का वास येते वं याले.
खाल्लं का जीव थाऱ्यावर येते."

गुरुवारी गाडलिंग सिस्टर आली.
बोटाला सुई टोचली,
थेंब निघता निघेना.
निघाला तो कुंकू धुतलेल्या पाण्यासारखा.
सात पॉइंट चार.
आम्ही दोघी नुसत्या मान हलवत राहिलो,
कोणी एस.टी.ची वेळ सांगावी तशा.
मग तिनं जावेची पापणी खाली ओढून दाखवली:
आत भिंतीचा चुना.

सिकलची तपासणी झाली, ती नाही निघाली.
गोळ्या दिल्या. शी काळी होईल, भिऊ नका.
मग पदरानं वारा घेत सांगत बसली:
तरोट्याची कोवळी पानं, बांधावर फुकट.
अंबाडी. शेवग्याचा पाला.
हरभऱ्याचा शेंडा खुडता ना, तो विकू नका सगळा.
जवसाची चटणी, तीळ, फुटाणे.
वरून लिंबू पिळा, नाहीतर आवळा चोखा.
आणि जेवल्याबरोबर चहा नाही, तासभर तरी.

चहाचं ऐकून बेबीनंदाचं तोंड उतरलं.
बाकी काहीही सोडलं असतं तिनं,
माहेरसुद्धा.

"लोखंडाची कढई हाये का घरात?"
होती.
गोठ्यात. ढेप भिजवायला.
सहा वर्षं आमची म्हैस लोखंडातून खात होती
आणि अंगावर तकाकी काय तिच्या!

मी ती विटकरीनं घासली, चिंचेनं घासली,
तेल लावून चुलीवर धुपवली.
पहिल्या दिवशीची अंबाडी काळी झाली.
सासरे म्हणाले, करपली.
भासरे म्हणाले, हे गुराचं का माणसाचं?
माझा नवरा बोलला काही नाही,
दोनदा मागून घेतली.
चवीला आंबट, आणि मागून किंचित
लहानपणी हापशीचा दांडा चाटला होता तशी.

सगळे उठले तेव्हा
बेबीनंदा भाकरीच्या काठानं कढई पुसत होती.

तेव्हा मला सिस्टरच्या यादीतलं राहिलेलं कळलं.
काय खायचं, ते होतं त्यात.
कितव्या नंबरला, ते नव्हतं.
सासरे, भासरे, पोरं, नवरा,
आला तर पाहुणा,
मग तळ.

दुसऱ्या दिवसापासून मी चोर झाले.
भाजी शिजली की पहिली वाटी
पिठाच्या डब्यामागं.
"खाय. माह्यासमोर."
ती दाराकडं बघत बघत खायची,
खापर खायची तशीच.

दोन महिन्यांनी नऊ पॉइंट एक.
सिस्टर खूश. काय केलं हो?
"गोळ्या," बेबीनंदा म्हणाली.
"आन् म्हशीची कढई," मी म्हटलं.
तिघी हसलो.
वाटीचं कोणी काढलं नाही.

काल भांडी घासताना माझी नखं पाहिली.
मधून खोलगट, पाण्याचा थेंब राहील एवढी.
जिना चढले नाही तरी दम लागतो आजकाल,
मी म्हणत होते, ऊन.
रांजणाचा एक तुकडा कोनाड्यात राहून गेला होता.
ओला केला.
वास घेतला.
माझं बोट टोचलं नाही कोणी अजून.

"सरक जराशी," मागून आवाज आला.
बेबीनंदा पिठाचा डबा ओढत होती,
भिंतीपासून वीतभर पुढं.
एका वाटीपुरतीच जागा होती तिथं.